ठाऊक न्हाय म्हणणारी आक्का

"मला ठाऊक न्हाय" हे वाक्य आक्का ज्या ताठ मानेनं बोलायची, तशी मान मी मोठमोठ्या पाटलांचीसुद्धा पाहिली नाही. कुणी विचारावं, "आक्का, गुंजीला गाडी कवा येती हो?" तर दुसरा दुकानदार काहीतरी ठोकून देईल. आक्का म्हणायची, "मला ठाऊक न्हाय. उद्या ये, विचारून ठेवते." आणि खरंच विचारून ठेवायची. लोक हसायचे. मीही हसायचो. आमच्या घराण्यात 'ठाऊक न्हाय' म्हणायची पद्धत नव्हती. माझा बाप न पाहिलेल्या गावाचीसुद्धा वाट सांगायचा.

निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाला सोडावाल्याचं दुकान, गोटीच्या बाटल्या मांडलेलं, आणि त्याला लागूनच आक्काचं मीठ-गुळाचं. आक्का जैनाची, तरुणपणीच नवरा वारलेली. पाणी गाळल्याशिवाय पीत नसे आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकून दुकानाच्या फळ्या लावत असे. मावळतीला कुणी गूळ मागायला आलं तर आतूनच ओरडायची, "सूर्यानं दुकान लावलं, आता माझ्या हातात न्हाय!"

मी वखारीत बोदं शिवायचो. बोद म्हणजे तंबाखूचं भलं थोरलं पोतं. शाळा दोन यत्ता, तीही विसरून गेलेली. एकदा मुकादम म्हणाला की बोदावर कुंचल्यानं नावं घालणारा माणूस पाहिजे, आणि मी विचार न करता म्हणालो, "मला येतं." संध्याकाळी आक्काकडं गेलो. तिनं गुळाच्या ढेपेचं तरटाचं फडकं पसरलं, वाटीत चुना कालवला आणि म्हणाली, "काढ 'क'." बाविशीचा बाप्या मी, मिशा फुटलेला, पंधरा दिवस तिच्या दुकानात तरटावर अक्षरं काढत बसलो. तिला कानडीही यायचं आणि बाळबोधही. माझी सही बसवली तीसुद्धा तिनंच. "शेवटाला फराटा कशाला मारतोस रं? नाव संपलं की थांबावं."

गल्लीत सही करणारा मी एकटा, बाकी सगळे अंगठे. माझ्या अंगात किती वारं शिरलं असेल ते ज्याचं त्यानं ओळखावं.

त्या सुमारास गल्लीत कंदिलाचा खांब पाहिजे म्हणून आम्ही नगरपालिकेत दोनदा अर्ज दिला होता. तंबाखू निवडून बायका परत यायच्या तेव्हा गटार दिसत नसे. एका सकाळी एक सरकारी कारकून दप्तर घेऊन आला आणि सोडावाल्याच्या फळीवर बसला. आक्का बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पूजेला गेली होती. कारकून म्हणाला, "गल्लीवाल्यांची संमती पाहिजे. वाचून घ्या आणि करा सह्या." आणि कागद माझ्यापुढं धरला, कारण सगळ्यांनी माझ्याकडंच बोट केलं.

कागद मोडीत होता. कलम न उचलता लिहिलेली ती मोडी, माळेत गुंफल्यासारखी. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. मला येत होती ती बोदावरची सुटी सुटी अक्षरं. पण पाठीमागं पंचवीस माणसं उभी. मी ओठ हलवले, ओळीवरून बोट फिरवलं, मध्येच मान डोलावली. हौसा, माझ्या शेजारची, वखारीत तंबाखू निवडणारी, म्हणाली, "काय लिवलंय रं, शिवा?"

मी म्हणालो, "दिव्याचं हाय."

खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. मला वाटलं, दुसरं काय असणार? मी पहिली सही केली, फराटा मारून. खाली हौसाचा अंगठा, तिच्या नवऱ्याचा, मग सगळ्यांचे. कारकुनानं कागद टिपला आणि सोडावाल्यानं त्याला फुकट सोडा पाजला. तेवढ्यावरून तरी मला कळायला पाहिजे होतं.

आक्का दुपारी आली. "कागद कशाचा होता?"

"दिव्याचा."

"कुणी वाचला?"

"मी."

तिनं हातातली तागडी खाली ठेवली. "सरकारी कागद मोडीत असतो. मोडी कवा शिकलास?"

"वखारीत," मी म्हणालो.

"बरं," एवढंच म्हणाली आणि मीठ जोखायला लागली. तिला त्याच घटकेला कळलं होतं, हे मला आता कळतं.

आठ दिवसांनी सोडावाल्यानं दुकानाची भिंत पाडून गल्लीच्या बाजूला दुसरं दार काढलं. मग पिंपं आली. सोडावाला काही लपवत नव्हता. "देशी दारूचा परवाना मिळतोय. तुम्हीच तर सह्या दिल्या की," म्हणाला. वखारीचा पगार घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याच तोंडावरून घरी यावं लागायचं, हे सांगायला कुणी शिकलेला लागत नव्हता.

आक्कानं चौकशी केली. परवाना पक्का व्हायच्या आत बेळगावला अबकारीच्या साहेबापुढं हरकत घेता येत होती. ती माझ्या दारात आली. मी घरातच होतो, बाहेर यायला उशीर लावला.

"शिवा, उद्याच्या सर्व्हिस मोटारीनं बेळगावला जायचं हाय. तू बरोबर चल. साहेबाला एवढंच सांग, मला मोडी येत न्हाय, न वाचता सही केली. मग खालचे अंगठे आपोआप रद्द."

"सांगतो की," मी म्हणालो. "त्यात काय हाय?"

मोटारीत तिनं फडक्यातले चिरमुरे-फुटाणे सोडले, निम्मे मला दिले. मोठं कौतुक करत होती. "आजवर तू कुणाला न्हाय म्हणला न्हाईस. आज म्हणशील. माझ्या जन्माचं सार्थक झालं बघ." मी हसलो. फुटाणे मात्र मुठीतच राहिले.

कचेरी कॅम्पात. उंच छत, खाली पंखा ओढणारा गडी, बाकावर कोट घातलेले आठ-दहा जण बसलेले. साहेब आपल्यातलाच होता, मराठी बोलणारा. त्यानं कागद काढला. "सही करणाऱ्यानं वाचून दाखवलं, असं कारकून लिहितो. ही सही तुझी?"

"व्हय, साहेब."

"कागद वाचला होतास?"

तेवढ्यात साहेबाच्या बाजूला बसलेला कचेरीतला कारकून बाकाकडं बघून हसला आणि म्हणाला, "सही तर मोठी फराट्याची हाय! आणि वाचता येत न्हाय म्हणून आलाय व्हय?" बाकावरचे दोघं-तिघं हसले. मला पंख्याचा आवाज ऐकू आला. आक्का माझ्या डाव्या हाताला उभी होती, एक पाऊल मागं.

"वाचला होता," मी म्हणालो.

साहेबानं आक्काकडं पाहिलं. "मग बाई, तुमची हरकत कसली? ह्याला वाचता येतं का नाही?"

तिनं माझ्याकडं बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही. पदर सारखा केला आणि ताठ मानेनं म्हणाली, "मला ठाऊक न्हाय."

उभ्या जन्मात हे वाक्य तिनं खोटं म्हटलं ते त्या एकाच वेळी, आणि माझ्यासाठी. माझं अक्षर अन् अक्षर तिच्या तरटावर उमटलेलं होतं. ती एक शब्द बोलली असती तर गल्ली वाचली असती. पण दहा माणसांत मला उघडं पाडायचं तिच्या हातून झालं नाही.

परतीच्या मोटारीतसुद्धा तिनं चिरमुरे सोडले. निम्मे माझ्या हातात ठेवले. मी खाल्ले.

पुढचं सगळं गल्लीनं भोगलं. हौसाचा नवरा पगारादिवशी त्या नव्या दाराच्या पायरीवरून पुढं यायचाच नाही. हौसा एकदा विहिरीवर सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "दिवा तर चांगला लावलास रं गल्लीत!" मी घागर न भरता परत आलो. लपवत कशाला बसू? दोन वर्षं त्या पायरीवर मीही बसत होतो. लाज बुडवायला जावं आणि लाजच पिऊन यावं, असलं ते.

आक्का एक पावसाळा राहिली. वास यायचा, शिव्या ऐकू यायच्या, गिऱ्हाईक बायका तिच्या दुकानापर्यंत यायला भ्यायच्या. शेवटी चिकोडीकडं बहिणीच्या लेकाकडं जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मला हाक मारली. मी मान खाली घालून गेलो. तिनं पत्र्याची ट्रंक दाखवली आणि चुन्याची वाटी पुढं केली.

"माझं नाव आणि गावाचं नाव घाल. गाडीवाल्याला कळलं पाहिजे. तुझं अक्षर चांगलं हाय."

मी नाव घातलं. फराटा मारला नाही, नाव संपलं तिथं थांबलो. तिनं वाकून एकेक अक्षर वाचलं. "छान आलंय." मग बैलगाडीत बसता बसता म्हणाली, "शिवा, तुला सगळं शिकवलं. 'येत न्हाय' तेवढं म्हणायला शिकवायचं राह्यलं. ती माझी चूक."

तिची चूक! मी चाकामागनं गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. "चूक माझी हाय, आक्का," हे ओठावर आलं आणि मिशीत अडकलं. गाडी गेली.

नंतर मी हट्टानं मोडी शिकलो, एका म्हाताऱ्या दिवाणजीकडं. अस्खलित वाचू लागलो. आता आक्काला वाचून दाखवीन म्हणून चिकोडीला जायचं ठरवत होतो, तोवर ती गेल्याचा निरोप आला. पुढं मोडीच कचेरीतून गेली. शिकलेलं ते कुणाच्याच कामाला आलं नाही.

राज्य बदललं, आता कचेरीत कागद कानडीत असतो. मी खिडकीशी जातो आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "मला वाचता येत न्हाय, वाचून दाखवा." लोक वळून बघतात. कान अजून तापतात. तरी मी तसाच उभा राहतो, आणि डाव्या हाताला, एक पाऊल मागं, बघायचं धाडस मला अजून होत नाही.