विरजण हलवायचं नसतं

आमच्या भाचीला घरात सगळे 'कडी' म्हणतात. बाई घराबाहेर पडली की जिन्यावरून दोनदा परत येते, दाराची कडी ओढून बघायला. तिचं लग्न ठरत होतं तेव्हा मी म्हटलं होतं, "आधी पसंत कर, मग परत जाऊन बघ तोच आहे का." चार दिवस अबोला!

नोकरी मात्र स्वभावाला साजेशी मिळाली. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत पेशींची बँक आहे. ज्यांचे स्नायू हळूहळू झिजत जातात, त्यांचं रक्त आणि स्नायूचा तांदळाएवढा तुकडा तिथे येतो. तुकड्यातल्या पेशी कडी वाढवते, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरते आणि द्रवरूप नायट्रोजनच्या भयंकर थंड टाकीत ठेवते. उद्या औषध निघालं तर आधी या पेशींवर करून बघता यावं म्हणून.

गेल्या सोमवारी सकाळी तिचा फोन. "मावशी, टाकीतल्या नायट्रोजनची पातळी खाली गेलीय गं. शिंपीकाकांच्या नळ्या नेमक्या वरच्या कप्प्यात!"

शिंपीकाकांच्या आजाराचा प्रकार इतका दुर्मीळ की बँकेत तसल्या पेशी फक्त त्यांच्याच. तीन नळ्या. रक्त पुन्हा काढता येतं हो, पण त्यांच्या दंडात, मांडीत आता घेण्याजोगा स्नायूच उरला नाही. आणि नऊ वर्षांच्या नातीला तोच आजार. तिच्यासाठीच दिला होता तुकडा.

त्याच दिवशी काकांची तपासणी होती. कडी उपाशी राहणार म्हणून मी डबा घेऊन गेले, तर काका बाहेर चाकाच्या खुर्चीत.

"काय ताई, माझा तुकडा काय म्हणतोय?"

"तुमचा तुकडा, तुम्हीच विचारा," मी म्हटलं.

काचेतून कडी दिसत होती. पेशी जिवंत आहेत का हे कळायला एक नळी वितळवावीच लागते, म्हणजे तिनातली एक गेलीच. मग निळा रंग घालतात. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंगाला आत घेत नाहीत. कडीने मोजलं. पुन्हा मोजलं. पहिल्यांदाच मला हसू आलं नाही.

बाहेर येऊन ती काकांपुढे उकिडवी बसली आणि काही न लपवता सांगितलं. शंभरात बासष्ट निळ्या.

काका आपल्या बोटांकडे बघत राहिले. "कापड तर संपलंय पोरी. आता चिंध्याच जपायच्या. उरलेल्या अडतीस काय करतायत?"

"बशीत घालून उबेच्या कपाटात ठेवल्यात. उद्यापर्यंत बुडाला चिकटल्या तर जगल्या. मग बाकीच्या दोन नळ्यांचीही आशा."

"आणि तोवर?"

"तोवर हात लावायचा नाही. हलवलं की सुटतात." जन्मठेप सुनावल्यासारखा चेहरा.

"म्हणजे विरजणच की!" मी म्हटलं. "काका, ही लहानपणी दर तासाला भांडं तिरकं करून बघायची, दही लागलं का. आमच्या घरात ताकच प्यायचे सगळे."

काका हसले. कडीही हसली, आणि हसता हसता रडली.

"माझी शपथ आहे," काका म्हणाले, "ते कपाट उघडशील तर."

संध्याकाळी तिला माझ्याकडे आणलं आणि मटार सोलायला बसवलं. दोनदा तिने उठून चपला घातल्या. मी नुसतं "शपथ" म्हटलं की परत बसायची. दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत.

दुसऱ्या दिवशी नऊला फोन.

"मावशी, लागलं गं. थोडंच. पण लागलं."

"काकांना कळव आधी!"

"कळवलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पुन्हा एकदा बघून घे."