संध्याकाळची सकाळ
शेणाच्या ओल्या सड्याचा वास तिन्हीसांजेला आला, की मला दिग्रसमधली आमची गल्ली आठवते. आमचा शेजारी जिनिंगमध्ये रातपाळी करायचा. उजाडता अंगभर कापूस घेऊन, स्वप्नातून चालत आल्यासारखा घरी यायचा आणि खिडकीला गोणपाट लावून झोपायचा. त्याला शुगर निघाली. डॉक्टरांच्या पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब होत्या. त्यांनी गोळी 'सकाळी, जेवणाआधी' लिहून दिली. त्याने ती घरी येताच घेतली आणि तो उपाशीच झोपला. दुपारी बायकोने हलवलं, तर तो घामाने चिंब, जीभ जड झालेली. तिने घोटघोट गुळाचं पाणी पाजलं, मी ऑटो आणला. तो सावरल्यावर तिने डॉक्टरांना विचारलं, "सकाय म्हंजे कोणाची, तुमची का ह्यायची?" डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं 'सकाळी' खोडलं. मग म्हणाले, "हे झोपून उठतील, जेवायला बसतील, तेव्हा." दुसऱ्या दिवशी दिवस बुडता तिने अंगणात सडा टाकून रांगोळी काढली. समोरची म्हातारी ओरडली, "काहून वो, दिवाबत्तीच्या वक्ती सडा? लक्ष्मी भायेर जाईन ना!" ती म्हणाली, "मावशी, आमच्या घरी आता उजाडून राह्यलं." आतून तो डोळे चोळत आला, रांगोळीकडे बघून हसला आणि त्याने गोळीसाठी पाणी मागितलं. शरीरातल्या घड्याळावर हल्ली हारतुरे घेऊन व्याख्यानं होतात. मी मागच्या रांगेत बसतो आणि डोळे मिटून ती ओली रांगोळी बघत राहतो.