भाभींचा सोनेरी सोऱ्या

पोरांनो, दिवाळीत तुम्हाला टोरोंटोला पोचलेल्या चकल्या कुठल्या सोऱ्यातून पडल्या ते मीच सांगते. आजोबांनी फोनवर अर्धंच सांगितलं.

इथे सौदीत, खोबरला, आमच्या समोरच्या दारात रत्नागिरीकडच्या भाभी राहतात. रमजानच्या आधी त्या आजोबांना म्हणाल्या, "भाईसाब, बाजारातला सोऱ्या शेवया दाबताना वाकतो." आजोबा दम्मामजवळच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांचे ॲल्युमिनियमचे भाग बनवून घेतात. त्यांनी उरलेल्या तुकड्यातून जाडजूड सोऱ्या बनवला आणि सोनेरी ॲनोडाइज करून भाभींना दिला. चकलीच्या चकतीसकट.

ॲनोडायझिंग म्हणजे रंग फासणं नव्हे. भाग ॲसिडच्या टाकीत टांगून वीज सोडतात, की ॲल्युमिनियमवर त्याचीच कडक साय धरते. तिच्या बारीक छिद्रांत रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्यात ती छिद्रं बंद करायची. पोपडे निघत नाहीत, हात काळे होत नाहीत. जन्मभर जेवताना हे मी ऐकलं आणि वस्तू गेली समोरच्या दारात! माझ्याकडे त्या वर्कशॉपमधून आजवर एकच गोष्ट आली होती, मोरीची जाळी. तीही बिनरंगाची.

ईदला शीरखुर्मा खायला गेलो, तर सोऱ्या शोकेसमध्ये, कपबशांच्या पुढे. येईल त्या पाहुणीला भाभी सांगत होत्या, "भाईसाबांनी खास बनवला!"

घरी येताच मी विचारलं, "खास का?"

"अगं, त्यांनी मागितला."

"मग मीही मागते. दिवाळीला. आणि त्यांच्यापेक्षा चांगला हवा."

दिवाळी जवळ आली. सोऱ्याचे भाग लेथवरून उतरल्याचं कळलं, तशी मी वर्कशॉपमध्ये फोन केला. "थर त्यांच्या दुप्पट द्या."

"अगं, तेवढा जाड म्हणजे हार्ड ॲनोडायझिंग करावं लागेल, त्यात..."

"तेच करा," म्हणून मी फोन ठेवला.

सोऱ्या आला तो करडा, जवळजवळ काळा.

"सोनेरी कुठाय?"

"जाड थर असाच येतो. त्यावर सोनेरी चढत नाही. तेच सांगत होतो."

मी दट्ट्या आत घालायला गेले, तर तो तोंडाशीच अडला. थर निम्मा बाहेरच्या अंगाने वाढतो. नळी आतून अरुंद झाली, दट्ट्या जाड झाला आणि मापं होती पातळ थराची.

"जन्मभर हेच काम केलंत ना?"

"थर ठरवणारा असा फोन जन्मात आला नव्हता."

भाजणीची उकड तयार होती आणि चकल्या घेऊन येणारा शेजारी दुसऱ्या दिवशी विमानात बसणार होता. तुमच्या दिवाळीला घरच्या चकल्या नाहीत, हे मला चालणार नव्हतं. गेले समोर.

"घ्या की वहिनी! तुमचाच हाय तो," भाभी म्हणाल्या. हे "तुमचाच" मला चकलीच्या काट्यासारखं टोचलं. वर त्या स्वतः मदतीला येऊन बसल्या. चकल्या सुंदर पडल्या. एखादी तरी तुटावी, असं मला फार वाटत होतं.

पुढे आजोबांनी दट्ट्याचा थर उतरवला, दट्ट्या लेथवर जरासा बारीक केला आणि पुन्हा थर दिला. आता लोण्यासारखा सरकतो. मी तो हाताने धुते, पुसते आणि शोकेसमध्ये ठेवते, कपबशांच्या पुढे.

परवा भाभी आल्या. त्यांच्या सुनेने सोनेरी सोऱ्या भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातला आणि त्या जहाल साबणाने रंग उतरून तो पांढुरका, डागाळलेला झाला. माझ्या सोऱ्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचा काळाच बरा. ईदच्या शेवयांना द्याल काय?"

शोकेसचं दार लावत मी म्हटलं, "बघू."

ईद अजून लांब आहे.