कट न देणारी लॅब

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा ते सायकलला बांधून वस्त्यावस्त्यांत वाटत. मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवरूनच. काही चुकीचं दिसलं की आधी पत्रक काढायचं, पुढचं मग बघायचं, ही आमची घरची रीत.

ताई पॅथॉलॉजिस्ट. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना लॅबकडून पाकीट जातं, त्याला कट म्हणतात, आणि तो पेशंटच्याच बिलातून निघतो, हे तिनं नोकरीत पाहिलं होतं. नागपुरात स्वतःची लॅब उघडली ती कट न देण्यासाठीच. आम्ही पत्रक छापलं: 'ही लॅब कट देत नाही, म्हणून इथं तपासणी स्वस्त आहे.' आणि वाटलं कुठं? डॉक्टरांच्याच दवाखान्यांत, बाकांवर ताटकळणाऱ्या पेशंटांना. हे फक्त आम्हीच करू जाणो.

त्यानंतर आसपासच्या एकाही डॉक्टरची चिठ्ठी आमच्याकडे आली नाही.

तरी ताई रोज सकाळी मशीन सुरू करून कंट्रोल लावायची. कंट्रोल म्हणजे ज्याचे आकडे आधीच ठाऊक असतात असा द्रव. तो बरोबर मोजला गेला तरच पेशंटचं रक्त लावायचं. आकडे बरोबर यायचे. मग आम्ही दोघी दाराकडे बघत बसायचो. जिन्यात पाऊल वाजलं की ती ॲप्रन सारखा करायची, आणि पाऊल वरच्या शिकवणीला निघून जायचं. उद्याचा भरवसा नसताना लोक कसे तगतात, मला माहीत नाही. ताई कंट्रोल लावून तगत होती. मी मनात दुसरं पत्रक लिहून, पहिल्याहून जळजळीत.

एक दिवस एक गृहस्थ आमचा रिपोर्ट घेऊन तणतणत परत आले. "डॉक्टरनं पाहिलाच नाही ना मॅडम! म्हणे, या लॅबचा चालत नाही. दुसरीकडे पुन्हा रक्त द्या लागलं मले."

ताईनं दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. आकड्यांत फरक नव्हता.

त्याच आठवड्यात मौद्याहून एक बाई आली, कुणाकडून तरी ऐकून, सकाळपासून उपाशी. ताईनं तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली आणि विचारलं, "कोणत्या डॉक्टरले दाखवता, काकू?"

बाईनं नाव सांगितलं. तोच डॉक्टर.

"मग इथं नका देऊ रक्त. ते आमचा रिपोर्ट पाहणार नाहीत."

"काहून वं माय? मशीन बिघडली काय?"

"मशीन चांगली हाय."

मला राहवलं नाही. "घे ना ताई रक्त! त्या डॉक्टरले मी पाहून घेईन."

"तू पत्रक काढशील," ताई म्हणाली, "अन् सुई हिले दोनदा टोचतील."

तिनं पट्टा सोडला. बाईला कोपऱ्यावरच्या मोठ्या लॅबचा रस्ता समजावला. चहा तपासणी झाल्यावरच घ्या, असंही सांगितलं.

"अजबच हाय बाप्पा," बाई पदर सावरत म्हणाली. "दुकान मांडून गिऱ्हाईक वापस पाठवून राहिली."

ती जिना उतरेपर्यंत ताई उभीच होती. मला ओरडायचं होतं, पण कुणावर, ते कळेना. मग तिनं मशीन भाड्यानं देणाऱ्याला फोन लावला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "नाही, चालते बराबर. तरी घेऊन जा."