एकही संघ न हललेला तक्ता

प्रोफेसरांनी जूनमध्ये सांगितलेलं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "प्रत्येक क्लबला एक नंबर दे, आणि तो नंबर शेवटपर्यंत बदलू नकोस." एवढंच. मी "येस सर" म्हणालो आणि बाहेर आलो. वाक्य इतकं सोपं होतं की त्यात विचारण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण मी विचारलं नाही.

न्यू जर्सीतल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचं माझं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. माझी असिस्टंटशिप, म्हणजे कामाच्या बदल्यात फी आणि थोडा पगार, मे महिन्यापर्यंतच होती. उन्हाळ्यात या प्रोफेसरांचं काम नीट केलं तर सप्टेंबरपासून ते मला आपल्याकडे ठेवणार होते. नाही ठेवलं तर पुढची फी भरणं शक्य नव्हतं आणि डिग्री अर्धी टाकून कोल्हापूरला परतावं लागलं असतं. माझे वडील उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर कामाला आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी परत गेलो असतो तर वडील काहीच बोलले नसते, आणि तेच मला नको होतं.

काम बेसबॉलचं होतं. धंदेवाईक बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ निम्मे सामने स्वतःच्या मैदानावर खेळतो आणि निम्मे दुसऱ्यांच्या. दर वर्षी कुठला संघ घरी किती जिंकला आणि बाहेर किती, हे लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकातून मोठ्या कागदांवर उतरवायचं आणि मग कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसून टाइप करायचं. पुस्तक घरी नेता येत नसे. लायब्ररीतला एसी असा की भर जुलैत मी आईने विणलेला स्वेटर घालून बसायचो.

आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. आमच्यातला नागपूरचा एकदा म्हणाला, "काय बे, बेसबॉलवर रिसर्च? एक तरी मॅच बघितली का?"

"टीव्हीवर अर्धी बघितली."

"अर्धीच का?"

"कळेना काही."

"मग बरोबर आहे. ज्याला कळत नाही त्यालाच रिसर्चला घेतात."

मी हसलो, पण ते मला लागलं. मला खेळ कळत नव्हता हे खरंच होतं. पण आकडे कळतात, बेरीज चुकत नाही, मग खेळ कळायची गरज काय, असं मी स्वतःला समजावत होतो.

पुस्तकात दर वर्षाचा एक तक्ता होता आणि तक्त्यात शहरांची नावं. एका वर्षी ब्रुकलिन असायचं. पुढच्या वर्षी ब्रुकलिन नाही, लॉस एंजेलिस आहे. मी ब्रुकलिनचा नंबर तिथं संपवला आणि लॉस एंजेलिसला नवा दिला. शहरापुढे छापलेलं संघाचं टोपणनाव दोन्हीकडे एकच आहे हे मला दिसलं होतं. मला वाटलं, जुना संघ बंद पडला, नाव चांगलं होतं, कुणीतरी उचललं.

मी असा विचार का केला हे आज मला नीट सांगता येतं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे. तालीम पेठेची. खेळाडू येतात-जातात, म्हातारे होतात, एखादा भांडून दुसऱ्या तालमीकडे जातो, पण संघ पेठेचाच राहतो. पेठ कुणाच्या मालकीची नसते, त्यामुळे ती उचलून कुणी दुसऱ्या गावाला नेत नाही. प्रोफेसर 'क्लब' म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तालीम आली. दुसरं काही येण्यासारखं मी पाहिलंच नव्हतं.

पण अगदीच संशय आला नाही असं म्हणणं खोटं होईल. तीच नावं पुन्हा पुन्हा दुसऱ्या शहरांत दिसायला लागली तेव्हा मी एकदा प्रोफेसरांच्या खोलीपर्यंत गेलो होतो. दार उघडं होतं. इथं ते उघडंच असतं. ते सँडविच खात होते. "बोल," ते म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, "सर, मोठे कागद संपलेत." त्यांनी कपाटातून एक गठ्ठा काढून दिला. खरं तर माझ्याकडे पुष्कळ कागद होते.

दर दुसऱ्या रविवारी जवळच्या आयसेलिन गावात राहणारे एक मराठी काका गाडी घेऊन यायचे आणि आमच्यापैकी ज्याला वेळ असेल त्याला जेवायला घेऊन जायचे. जुलैच्या शेवटच्या रविवारी मी एकटाच गेलो. तक्ता जवळपास पूर्ण झाला होता. बुधवारी प्रोफेसर त्यावर डिपार्टमेंटमध्ये बोलणार होते. मी कागद पिशवीत घालून बरोबर नेले होते. एकदा नजर फिरवावी म्हणून, आणि थोडं दाखवावं म्हणूनही.

काकू ओट्याशी थालीपीठं थापत होत्या. खिडकीत छोटा रेडिओ लावलेला होता आणि त्यावर बेसबॉलची कॉमेंट्री चालू होती. ती दर वेळी असायची, पण ती कोण ऐकतं याचा मी कधी विचार केला नव्हता. मला वाटायचं काका ऐकत असतील.

मी कागद उघडून म्हणालो, "काकू, हा वॉशिंग्टनचा संघ बघा. शतकाच्या सुरुवातीपासून तिथंच. एका वर्षाचाही खंड नाही. शेवटी बंद पडला बिचारा."

काकूंचा हात थांबला. "बंद? कुणी सांगितलं तुला बंद पडली म्हणून? टेक्सासला नेली तिला. मालकाने नेली."

"मालकाने?"

"मग! लग्न करून आले ती मी वॉशिंग्टनच्या बाहेर राहायला. हे दिवसभर ऑफिसात आणि मी घरात, रेडिओ घेऊन. माझं इंग्लिश सगळं त्या कॉमेंट्रीवर शिकलेलं आहे. तीन सीझन ऐकले मी. आणि एक दिवस तो रेडिओवाला सांगतो, पुढच्या वर्षीपासून टीम टेक्सासला. मला न विचारता!"

"तुला विचारून काय करणार होते ते?" काका जेवणाच्या टेबलावरून म्हणाले.

"सांगायचं तरी. माणसं जाताना सांगून जातात."

"पण काकू," मी म्हणालो, "साठ-सत्तर वर्षांचा जुना संघ असा कसा नेता येईल?"

"कुठली साठ-सत्तर? माझी टीम दहा वर्षांची होती. जुनी त्याआधीच मिनेसोटाला पळाली होती. ती गेल्यावर नवी टीम आणून त्याच नावाने तिच्या जागी बसवली. शेजारची म्हातारी मला रोज ऐकवायची, तुझी टीम खरी नाही, खरी गेली."

"पण नाव तेच. शहर तेच."

"असेना. मालक वेगळा, माणसं वेगळी."

"अगं, थालीपीठ करपतंय," काका म्हणाले.

मी ते वर्ष शोधलं. त्याच वर्षी मिनेसोटा पहिल्यांदा तक्त्यात आलं होतं आणि मी त्याला नवा कोरा नंबर दिला होता. ज्याला नवा द्यायचा त्याला जुना दिला होता, आणि जुन्याला नवा. मग ब्रुकलिन. मग बाकीचे सगळे. मी एकेक कागद उलटत गेलो. माझ्या तक्त्यात एकही संघ हललेला नव्हता. सगळे जिथल्या तिथं जन्मले होते आणि जिथल्या तिथं मेले होते.

"अरे, तोंड का असं झालं?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग उद्या सांग ना तुझ्या सरांना."

"कसं सांगू?"

"तोंडाने," काकू म्हणाल्या आणि माझ्या ताटात थालीपीठ टाकलं. मी ते कसंतरी संपवलं.

सोमवारी सकाळी मी प्रोफेसरांकडे जाऊन सांगितलं. न सांगता बुधवार जाऊ द्यावा असंही एकदा मनात आलं, ते लपवत नाही. प्रोफेसरांनी कागद घेतले आणि उभ्यानेच बराच वेळ वाचले.

"तू ब्रुकलिन बंद करून टाकलंस?" ते म्हणाले. "मी त्या गल्ल्यांत वाढलो."

त्यांनी कागद टेबलावर ठेवले.

"मला हे पाहायचं होतं, की संघ नव्या गावाला गेला की घरच्या मैदानाचा फायदा त्याच्याबरोबर जातो की मागेच राहतो. तुझ्या तक्त्यात कुणी कुठं गेलंच नाही."

सर, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "सॉरी सर."

"विचारलं का नाहीस?"

याचं उत्तर त्यांना कसं द्यायचं? आमच्या शाळेत शंका विचारणारा मुलगा म्हणजे लक्ष न दिलेला मुलगा. 'एकदा सांगितलेलं कळत नाही का?' हे मी चौथीपासून एम.एस्सी.पर्यंत ऐकलं, आणि मला उद्देशून कुणी म्हणू नये म्हणून इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं. त्याच जोरावर इथपर्यंत पोचलो. आता हा माणूस मला विचारत होता की मी तोंड का उघडलं नाही. मला त्यांचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

"मला वाटलं, मला कळलंय," मी म्हणालो.

त्यांनी बुधवारचं भाषण रद्द केलं. सप्टेंबरचं मी विचारायच्या आधीच म्हणाले, "सप्टेंबरबद्दल मी आत्ता काही सांगू शकत नाही."

ऑगस्टभर मी तोच तक्ता पुन्हा केला. कुठला संघ कधी, कुठून, कुठं गेला हे जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म फिरवून शोधलं. डोळे दुखायचे. आणि जितकं शोधावं तितका गुंता वाढायचा. एक संघ दोनदा हललेला. एका शहराने आपला संघ गमावला आणि काही वर्षांनी दुसऱ्याच शहराचा आणला. ज्यांच्याकडून नेला त्यांनी आरडाओरडा केला, ज्यांनी आणला त्यांनी मिरवणूक काढली. त्याच्या चार वर्षं आधी स्वतःचा संघ गेला तेव्हा तेच लोक आरडाओरडा करत होते. मला कुणाचीच बाजू घेता येईना.

एका संध्याकाळी मी हे घरी बोललो तर आमच्यातला मुंबईचा म्हणाला, "टीम मूव्ह होतात हे तर माहीत असतं यार सगळ्यांना."

"मग जूनमध्ये बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

मी उठून बाहेर गेलो. आता हे वाक्य तिसऱ्या माणसाने म्हटलं तर मी काय करीन हे माझं मलाच सांगता आलं नसतं.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात प्रोफेसरांनी बोलावलं. नवा तक्ता त्यांनी तपासला होता. त्यात चूक नव्हती, पण चांगला झालाय असंही ते म्हणाले नाहीत.

"डिसेंबरपर्यंत ठेवतो. पुढचं पुढं बघू," ते म्हणाले. "एक अट आहे. दर शुक्रवारी दहा वाजता तीन प्रश्न लिहून आणायचे. ज्या शुक्रवारी आणणार नाहीस, त्या शुक्रवारी काम संपलं."

"कशाबद्दलचे प्रश्न, सर?"

"हा एक झाला."

ते थट्टा करत होते की नाही, मला कळलं नाही. चार महिने तरी मिळाले होते. मी वडिलांना पत्रात लिहिलं की काम चालू राहिलं आहे. अट लिहिली नाही.

पहिल्या शुक्रवारच्या आधी मी दोन दिवस प्रश्न जुळवत होतो. प्रश्न नसताना प्रश्न करायला बसणं हा किती छळ असतो! आणि खरे प्रश्न लिहिले की ते मूर्खासारखे दिसायचे. पहिला लिहिला: बरोबरीत सुटलेले सामने कुठं धरायचे? दुसरा: मैदान दुरुस्तीला असताना परक्या मैदानावर खेळलेले सामने घरचे की बाहेरचे? तिसरा तीनदा खोडला आणि शेवटी तसाच ठेवला.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रोफेसरांनी मिनिटभरात दिली. मग तिसरा वाचला. वॉशिंग्टनचा जुना संघ मिनेसोटाला गेला तेव्हा नियमाप्रमाणे त्याचे आधीचे सगळे विजयही मिनेसोटाच्या खात्यावर गेले. ते मिनेसोटातल्या कुणीच पाहिलेले नव्हते. ज्यांनी पाहिले ते वॉशिंग्टनमध्येच राहिले, आणि त्यांच्या नावावर आता काहीच नाही. मग ते विजय कुणाचे?

त्यांनी कागद खाली ठेवला. "लीगचं पुस्तक म्हणतं, मिनेसोटाचे. माझे वडील असते तर वेगळं म्हणाले असते. ब्रुकलिनचा संघ गेला त्यानंतर त्यांनी त्याचं नाव पुन्हा घेतलं नाही. घरात कुणी घेतलं तर उठून जायचे." मग म्हणाले, "मला माहीत नाही."

शिक्षकाच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मी विचारलं, "मग तक्त्यात काय लिहू, सर?"

"तू ठरव. आणि का ठरवलंस ते लिही."

मी जिना उतरून कॉम्प्युटर सेंटरमध्ये आलो आणि टर्मिनलसमोर बसलो, पण मशीन सुरू केलं नाही. मला भयंकर चीड आली होती. जूनमध्येही मी स्वतःच ठरवलं होतं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून सगळा ऑगस्ट मायक्रोफिल्मपुढे काढला. आता तेच पुन्हा करायचं होतं, फक्त या वेळी परवानगीने. पण बाजूच्या कागदावर 'कारण' असा शब्द लिहिला तेव्हा लक्षात आलं की जूनमध्ये मला कारण लिहिता आलं नसतं. तेव्हा मला फक्त खात्री होती. आता खात्री नव्हती आणि कारणंही दोन्ही बाजूंनी होती.

मिनेसोटाच्या बाजूने एक ओळ लिहिली, खोडली. वॉशिंग्टनच्या बाजूने लिहिली, तीही खोडली. शेवटी नंबर मिनेसोटाचाच ठेवला आणि त्याच्या शेजारी एक नवा रकाना आखला: सामना पाहायला आलेले लोक कुठल्या शहराचे. असा रकाना वाढवायची मला परवानगी आहे का, हे मला माहीत नव्हतं. मी दुसरा कागद घेतला आणि वर पुढच्या शुक्रवारची तारीख टाकून ते लिहिलं. अजून दोन प्रश्न हवे होते.