लिंबाच्या सावलीतलं भूमिपूजन

जिल्ह्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी डायलिसिसची मशीन चालवते. आमच्या आवारात कायम कुठे ना कुठे खणलेलं असतं. बांधकामवाल्यांचा नकाशा वेगळा, विजेवाल्यांचा वेगळा, पाणीवाल्यांचा तिसराच. हे तिन्ही एकदा एका टेबलावर मांडा, असं मी एका बैठकीत म्हटलं होतं. साहेब हसले, मग चहा आला आणि विषय बदलला.

ड्रेनेजचा नवा चर कुंपणाच्या कडेनं जायचा ठरला होता. पण भूमिपूजनाच्या दिवशी तिथं रणरणतं ऊन. पाहुण्यांना चटका नको म्हणून मांडव आवारातल्या कडुलिंबाच्या सावलीत घातला आणि नारळही तिथंच फुटला. आमच्या विभागाची केबल नेमकी त्याच लिंबाखालून येते.

दुसऱ्या दिवशी जेसीबी लिंबापाशी दिसलं. मशीनवरच्या पेशंटकडे सिस्टरला बसवून मी धावत बाहेर गेले. मुकादम शांतपणे म्हणाला, "ताई, पूजा झालेली जागा सोडून दुसरीकडं कसं खोदावं? अपशकुन हाय तो." विजेच्या साहेबांना विचारते, तोवर थांबा, असं सांगून मी आत येऊन फोन लावला. साहेब समन्वय बैठकीत होते.

फोन कानालाच होता आणि वीज गेली.

मशीनची बॅटरी कधीचीच मेलेली. जनरेटर नव्या इमारतीकडं हलवलं होतं, पण तिथून आमच्याकडं केबल टाकायच्या आधीच कुणीतरी रस्ता काँक्रीटचा करून टाकला होता. मशीनवर पाली गावची मावशी होती, शेळ्या राखून पोट भरणारी. तिचं रक्त नळ्यांमध्ये थांबलं होतं. ते तसंच राहिलं तर गोठणार, आणि मग परत अंगात सोडता येणार नाही. आधीच बाईच्या अंगात रक्त किती!

अशा वेळी मशीनवरच्या रक्ताच्या पंपाला दांडा लावून तो हातानं फिरवायचा असतो. मी फिरवू लागले. घाई करून चालत नाही आणि थांबूनही चालत नाही. सिस्टर मोबाइलचा उजेड नळीवर धरून हवेचा बुडबुडा दिसतो का बघत होती. नळीत मागून सलाइन सोडलं होतं, ते रक्ताला आत ढकलत होतं. खोटं कशाला सांगू, मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

"पोरी, माझं रगत बाहेरच हाय का?" मावशीनं विचारलं.

"आत येतंय, मावशी. हलू नका."

हळूहळू नळी फिकी पडत गेली. रक्त आत गेलं, पण डायलिसिस अर्धंच झालं होतं. मावशी उठून बसली, पदर सारखा केला. बाहेर जेसीबी पुन्हा घरघरायला लागलं होतं. केबल तर तुटलीच होती, आता थांबायचं कशासाठी?

"मंग परवा येऊ ना?" ती म्हणाली.

नाही आली तर अंगात विष साठणार, आणि आली तर बॅटरी मेलेल्या याच मशीनला जोडून झोपणार.

"या," मी म्हणाले.