मॉरिशसच्या मुलीची उलटतपासणी

नेदरलँड्समधल्या नायमेखनला आम्ही तिघं एका भाड्याच्या घरात राहायचो. मी विद्यापीठात शिकत होते. डोंबिवलीची एक मैत्रीण माझ्याच वर्गात होती. आणि चिप डिझाइनच्या कंपनीत नोकरी करणारा एक पुणेकर, ज्याला आम्ही दोघी दादा म्हणायचो. घराचा करार माझ्या नावावर होता आणि चौथी खोली रिकामी झाली होती.

इथे खोली हवी असेल तर त्या घरात आधीपासून राहणाऱ्यांना मुलाखत द्यावी लागते. डच पोरं सोफ्यावर बिअर घेऊन बसतात, उमेदवार एकेक करून येतो, हसून दाखवतो, मग हे ठरवणार की तो आपल्यात बसेल का. काही जण तर जाहिरातीतच लिहितात, परदेशी नकोत. मला याची चीड होती, अजून आहे. त्यावर मी पत्रकं लिहिली, विद्यापीठाच्या सायकलतळावर उभं राहून वाटली. 'पत्त्याची नोंद न देणारा घरमालक चोर आहे,' हे माझंच वाक्य. खेमेंटमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पत्ता नोंदवल्याशिवाय नागरिक क्रमांक मिळत नाही आणि त्या क्रमांकाशिवाय पगार, बँक, डॉक्टर काहीच नाही.

एवढं सगळं लिहून आम्ही काय केलं? मुलाखतीच ठेवल्या. रविवारी दुपारी, पोह्यांसकट.

"मुलगी बघायला आल्यासारखं वाटतंय," मैत्रीण म्हणाली.

जिची मुलाखत होती तिने मेसेजमध्ये लिहिलं होतं, मी मॉरिशसची मराठी आहे.

"मॉरिशसमध्ये कुठले आलेत मराठी? हनिमूनवाले सोडून," दादा म्हणाला. "हे मराठी घर आहे असं कुणीतरी सांगितलं असणार. म्हणून मराठी झाली."

मला ते पटलं. त्या बेटाबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती, की भल्याभल्यांचा पैसा कर चुकवायला तिथल्या पत्त्यावरून फिरून भारतात येतो. असल्या देशातून आलेल्या माणसावर मी का विश्वास ठेवू?

ती आली. न सांगता दाराशी बूट काढले. तेही मला संशयास्पद वाटलं, शिकून आली असेल.

"नमस्कार. आपण मला वेळ दिलात, मी आपली आभारी आहे."

असं कोण बोलतं? दादा माझ्या कानात कुजबुजला, "ही बातम्या वाचते का गं?"

"मराठी कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"शाळेत. आमच्याकडे हा विषय घेता येतो. घरी आम्ही क्रेओल बोलतो, फ्रेंचवरून आलेली बोली."

"म्हणजे मातृभाषा नाहीच."

"आईची नाही. आईच्या पणजीची होती."

"तुम्ही हिंदूच ना?" दादाने विचारलं.

"मराठी."

"ते कळलं. धर्म?"

मग तिने समजावलं, की तिथे बिहारकडून आलेल्यांनाच लोक हिंदू म्हणतात. तमिळ, तेलुगू, मराठी वेगळे धरतात. देव तेच. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाकीटमार सापडला.

मी अजून कडक झाले. "तुमच्या देशाचा धंदा काय गं? नुसत्या पाट्या ना? एका दारावर शंभर कंपन्या."

"ॲम्स्टरडॅममध्ये तशी दारं नाहीत का?"

ती शांतपणे सांगत राहिली. आजोबा ऊस तोडायचे. आई स्वेटरच्या कारखान्यात होती, तो बंद पडला. भाऊ हॉटेलात पाहुण्यांच्या पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवतो. "पाट्यांच्या ऑफिसात माझी एक मावशी आहे. ती तिथली फरशी पुसते." आणि ऊस? तो डचांनीच आणला. त्यांनी आबनुसाची जंगलं तोडली, आपल्या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं आणि निघून गेले. मग फ्रेंच आले, मग इंग्रज. गुलामी कायद्याने संपली तेव्हा ऊस तोडायला हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली. तिचा खापरपणजोबा कोकणातला. अंगठा उठवला, बोटीत बसला. उतरल्यावर मिळालेला त्याचा नंबर त्यांच्या घरी चौकटीत लावलेला आहे.

"गणपतीत काय करता तुम्ही?" मैत्रिणीने विचारलं.

"झाकरी. ढोलकीभोवती गोल धरून नाचतो. पायात घुंगरू असतात."

मैत्रीण उठलीच. "अगं, जाखडी! आमच्या गुहागरला काका नाचतात!" आणि तिने सोफ्याच्या हातावर ठेका धरला. मॉरिशसवालीने बसल्या बसल्या पायाने तोच ठेका उचलला.

"यूट्यूबवर सगळं मिळतं," मी म्हणाले. हो, मीच.

तिने कप खाली ठेवला. "आता मी विचारू? या खोलीच्या पत्त्यावर माझी नोंद होईल?"

घरमालकाने तीनच नावं चालतील असं बजावलं होतं. आधीचा मुलगा आठ महिने आमच्याकडे राहिला आणि कागदावर आइंडहोवनच्या मित्राकडे होता. हे तिघांनाही ठाऊक होतं. जाहिरातीत आम्ही लिहिलं नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं.

"आधी राहायला तर ये, मग बघू," दादा म्हणाला.

"शुक्रवारी माझी खेमेंटची वेळ आहे. तो क्रमांक नसेल तर प्रयोगशाळेतलं काम सुरू होणार नाही, आणि महिनाअखेरीस ती जागा दुसऱ्याला जाईल. दोन घरं मला 'मग बघू' म्हणाली." ती जाकीट घालू लागली. "माझ्या खापरपणजोबालाही उरलेल्या अटी बोटीत बसल्यावर कळल्या."

तासभर आम्ही तिच्यावर संशय घेतला आणि लपवत होतो आम्ही. खरं तर नोंदीला मालकाची परवानगी लागत नाही. ज्याच्या नावावर भाडेकरार आहे त्याचं संमतिपत्र पुरतं. हे मी सायकलतळावर किती जणांना सांगितलं असेन!

"थांब," मी म्हणाले आणि फॉर्म छापायला गेले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" दादा ओरडला. "मालक करार वाढवणार नाही. मग काय, तुझी पत्रकं पांघरून झोपायचं?"

"सही कर गं," मैत्रीण म्हणाली.

मी केली. पासपोर्टची प्रत जोडली. तिने फॉर्म दोनदा वाचला, तारीख तपासली, माझ्या सहीचा फोटो काढला. "शुक्रवारी तुम्हीही या," ती म्हणाली. "काउंटरवर गेल्यावर शब्द फिरतात." मला राग आला. तरी गेले.

नोंद झाली. शनिवारी ती राहायला आली, एक बॅग, एक कुकर आणि खोलीसाठी स्वतःचं कुलूप घेऊन. "बघ, विश्वास नाही," दादा मला म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं माझ्याशी तेवढंच बोलणं.

पंधरा दिवसांनी मालकाचं पत्र आलं. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. चौथं नाव काढा, नाहीतर उन्हाळ्यात करार संपला की घर सोडा. नोंदीपुरता कायदा माझ्या बाजूने होता, पण भीती वाटायची ती वाटलीच.

"काय लिहिलंय?" ती भात लावत होती.

"काही नाही. नेहमीची धमकी. मी बघते."

तिने हात पुसले आणि एक पुढे केला. "द्या. मी वाचते."

डच तिला येत नव्हती. फोनवर शब्द शोधत शोधत तिने पूर्ण पान वाचलं. मग खुर्ची ओढली आणि म्हणाली, "उत्तर आपण दोघी लिहू. माझ्यासमोर."